सिंकखाली वाकून बघावे

३ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. काल फोन केला तर "घराचं बोलणं कागदावर" एवढं म्हणून तुम्ही फोन ठेवून दिलात. तेव्हा हा घ्या कागद. दुकानातला आहे, मागच्या बाजूला डोळे तपासायची अक्षरं छापली आहेत, तिकडे लक्ष देऊ नका.

माझा भाडेकरू पळाला. औषधं विकत गावोगाव हिंडणारा, बोलायला इतका गोड की त्याच्याकडून आगाऊ नोटीस मागायची मला लाज वाटायची. परवा किल्ली पत्रपेटीत टाकून गेला आणि जाताना दोन्ही दिवे आणि स्वयंपाकघरातल्या नळाची चावी घेऊन गेला. दिव्यांचं मी समजू शकते. नळाची चावी घेऊन माणूस काय करतो? त्यात बाथरूमच्या छताला ओला डाग पडलाय, पोळपाटाएवढा. वर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाई कानावर हात ठेवतात.

तुम्हाला ठाऊकच आहे, चौदा वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून मी हे घर घेतलं. एक खोली, एक स्वयंपाकघर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एकटीला कर्ज मिळेना म्हणून दादाचं नाव बरोबर घातलं, आणि आता दादा म्हणतो, विकून टाक. त्याचा एक मित्र घ्यायला तयारच बसलाय, पडत्या भावात. शेवटी कसंबसं ठरलं ते असं: जूनअखेरपर्यंत पक्का भाडेकरू आला तर घर माझं, नाही तर मित्राचं.

मामा, मला ते घर विकायचं नाही. दादाकडे मी जिन्याखालच्या खोलीत राहते. वहिनी चांगली आहे, पण पाहुणे आले की पहिली माझी खाट हलते. म्हातारपणी माझी खाट कोणी हलवू नये, एवढ्यासाठी ते घर घेतलं आहे. तुम्ही तीस वर्षं खालची दोन घरं भाड्यानं देताय. आई असताना म्हणायची, घराचं काही अडलं तर मामाला विचार. म्हणून विचारते.

तुमची,
भिंगरी

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. मागची अक्षरेही वाचली, शेवटच्या दोन ओळी दिसल्या नाहीत.

माझ्याजवळ एक वही आहे. तीस वर्षांत जिथे जिथे ठेच लागली तिथला एकेक नियम तीत आहे. एकूण एकोणीस. सगळे एकदम सांगितले तर तू आजच घर विकशील, म्हणून लागतील तसे देतो.

आधी कुलूप बदल. एक किल्ली परत आली म्हणजे सगळ्या आल्या असे नव्हे. मग नळ दुरुस्त कर, दिवे लाव, आणि दिवे लावताना स्वस्तातले आणू नकोस. घर बघायला येणारा माणूस तीन मिनिटे थांबतो, त्यातले एक मिनिट तो दिवे लावून बघण्यात घालवतो.

डागावरून भांडू नकोस. भांडणाने छत वाळत नाही. किराणा दुकानातून नीळ आण, बाईंच्या परवानगीने त्यांच्या बाथरूमच्या जाळीत पाण्यातून ओत आणि स्वस्थ बस. तुझे छत निळे झाले तर गळती त्यांची.

नियम पहिला: नातेवाइकाला घर भाड्याने देऊ नये. त्याला काढता येत नाही आणि त्याच्याकडे जेवायला जाण्याची चोरी होते.

नियम तिसरा, आणि हा माझा स्वतःचा, कोणाकडून उचललेला नाही: भाडेकरू ठरवण्याआधी तो सध्या राहतो ते घर न सांगता जाऊन बघावे. बाहेरच्या खोलीत बसू नये, तिथे सगळेच सज्जन असतात. पाणी मागावे, पाण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जावे आणि सिंकखाली वाकून बघावे. ज्याचे सिंकखाली कोरडे, तो घर सांभाळतो. आजवर हा नियम मला खोटा ठरलेला दिसला नाही.

नियम चौथा: सगळे लेखी. माणूस कितीही गोड असो.

तुझा,
मामा

ता. क. यापुढे पाकिटावर "गच्चीवरची खोली" असे लिहीत जा. हवेसाठी मी वर राहायला आलो आहे. खालची दोन्ही घरे एका दाताच्या डॉक्टरला दिली आहेत, त्याचा दवाखाना आहे. मनुष्य चांगला आहे. मला काका म्हणतो.

२ मार्च

ती. मामा,

नमस्कार. नीळ ओतली. शिक्षिकाबाई हाताची घडी घालून शेजारी उभ्या होत्या, मी परीक्षेला बसल्यासारखी. दोन दिवस काही नाही. बाईंनी जिन्यात गाठून "बघितलंस?" म्हणून मला खाली मान घालायला लावली. तिसऱ्या दिवशी माझं छत निळंशार झालं. बाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "ही माझी नीळ नाही. माझी फिकट होती."

आता छत निळं, डाग तसाच आणि घर बघायला येणारे लोक विचारतात की ही नक्षी आहे का. एजंटानं आतापर्यंत सहा जण आणले. एकाला मजला उंच वाटला, एकाला घर लहान वाटलं, एका बाईंना सगळं आवडलं पण त्यांच्या यजमानांना मी आवडले नाही. "मालकीण एकटी आहे, उद्या स्वतःच राहायला येईल," असं म्हणाले. त्यांचं तसं चुकलं नव्हतं.

घर रिकामं राहून महिना झाला. दादा रोज सकाळी कॅलेंडरासमोर चहा पितो.

मामा, मी एका रविवारी तिकडे येऊ का? तुमचा करारनामा बघायचाय, आणि तुम्हालाही. किती वर्षं झाली.

भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

येऊ नकोस. खाली रंगकाम चालू आहे, वास येतो, आणि वर दोघांना बसायला नीट जागा नाही. करारनाम्याची नक्कल हाताने लिहून सोबत पाठवतो, पाच पाने आहेत. नीट वाच.

नीळ फिकट होती म्हणणाऱ्या बाईंशी वाद घालू नकोस. प्लंबर एकच बोलाव, दोघींनी मिळून बोलाव, खर्च निम्मा निम्मा कर. तुझा हक्क पूर्ण खर्चाचा आहे हे मला कळते. पण हक्क मिळवायला वर्ष जाईल, निम्म्यात चार दिवसांत छत वाळेल. लहान मालकाला बरोबर असणे परवडत नाही, कोरडे असणे परवडते.

भाडे थोडे उतरव. दोन महिने रिकाम्या राहिलेल्या घरात जेवढे जाते तेवढे वर्षभर थोडे कमी घेऊन जात नाही. हे लोकांना कागदावर पटते आणि मनात पटत नाही, म्हणून घरे रिकामी पडतात.

आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेव. घर रिकामे पडले की सातव्या-आठव्या महिन्यात माणसाचे डोके ठिकाणावर राहत नाही. दारात जो येईल तो देवमाणूस वाटतो. त्या महिन्यात कशावरही सही करू नकोस. विकण्याच्या कागदावर तर मुळीच नाही. तुझ्या दादाला म्हणावे, जून म्हणजे जून, मे महिन्यात मित्राला घेऊन येऊ नये.

तुझा,
मामा

४ एप्रिल

ती. मामा,

नमस्कार. छत वाळलं, पांढरं केलं. निम्मा खर्च शिक्षिकाबाईंनी दिला आणि "माझी चूक नसताना देते आहे" असं एका कागदावर लिहून माझी सही घेतली. "सगळे लेखी" या बाबतीत त्या तुमच्याच पठडीतल्या निघाल्या.

आता ऐका. तुमचा नियम तिसरा मी पाळला. एक बेकरीवाला होता, त्याच्या घरी न सांगता गेले, पाणी मागितलं, वाकले. सिंकखाली तळं होतं आणि तळ्यात एक चप्पल. त्याला नाही म्हटलं. दुसऱ्या दोघी बहिणी होत्या, दवाखान्यात नर्स. घर आरशासारखं. मी वाकले तशी थोरली म्हणाली, "काय शोधताय?" मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "जी बाई आत्ता आमच्या सिंकखाली बघते, ती उद्या आमच्या खाटेखाली बघेल." आणि त्यांनी मला नाही म्हटलं. इतके चांगले भाडेकरू हातचे गेले, मामा, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही लागला.

तुमचा करारनामा एजंटाला दाखवला. तो पाचही पानं वाचून हसत सुटला. "हा मालकाचा करार आहे की भाडेकरूचा?" म्हणाला. मीही मग नीट वाचला. मालकानं घर रिकामं करून घ्यायचं तर सहा महिने आधी लेखी कळवावं. भाडेकरू साठीच्या पुढचा असेल तर दुसरी जागा मिळेपर्यंत मुदत वाढवावी. मालकानं भाडेकरूच्या खोलीशेजारी कोणतंही यंत्र सकाळी आठच्या आत चालू करू नये. हे शेवटचं कशाला? मी काय तिथे गिरणी टाकणार आहे? तीस वर्षं घरमालक राहून तुम्ही नेमके कोणाच्या बाजूनं आहात?

राग मानू नका. जून जवळ आलाय आणि माझं डोकं सातव्या महिन्याची वाट न बघता आत्ताच फिरलंय.

भिंगरी

१२ एप्रिल

चि. भिंगरी,

राग आला आहे, पण तुझा नाही.

एजंटाला हसू दे. त्याला रोज दोन्हीकडून दलाली मिळते, त्याला कशाचेही हसू येईल. भाडेकरूची बाजू मालकाने लिहायची नाही तर कोणी? तो लिहायला बसतो तेव्हा उशीर झालेला असतो. समज, एकाहत्तर वर्षांचा एखादा गृहस्थ आहे. त्याला तीन महिन्यांत जागा सोडा म्हटले तर त्याने जायचे कुठे? ज्या मालकाकडे तो जातो तो आधी त्याचे वय विचारतो आणि मग जागा कालच गेली म्हणतो. यंत्राचेही तसेच. भिंतीपलीकडे सकाळी सहाला हवेचा पंप सुरू झाला की माणसाला स्वतःचे विचार ऐकू येत नाहीत. हे आपले उदाहरण म्हणून सांगतो.

नर्सबाईंचे बरोबर होते. नियम तिसऱ्यात मी आज एक ओळ घातली: वाकताना पकडले गेल्यास माफी मागावी.

अजून एक लक्षात ठेव. सगळे लेखी, म्हणजे सगळे. समोरचा माणूस काका म्हणाला, पाया पडला, तरी लेखी. त्या वेळी कागद मागताना फार लाजल्यासारखे होते. ती लाज पाच मिनिटांची असते.

विकू नकोस. काहीही झाले तरी विकू नकोस.

मामा

२२ मे

ती. मामा,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

मंगळवारी दुकानानं मला काचा कापायचं नवं यंत्र शिकायला तुमच्या गावाला पाठवलं होतं. दुपारी मोकळी झाले. म्हटलं, मामा येऊ नको म्हणतात, पण नियम तिसरा तर न सांगता जा असंच म्हणतो. मला वाटत होतं तुम्ही काटकसरीपायी बोलावत नाही. एक चहा वाचवतात, असं मनात म्हणत मी जिना चढले. ते आधी माफ करा.

दवाखान्यात म्हटलं, घरमालकांना भेटायचंय. डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले आणि म्हणाले, "मीच. बोला." मला वाटलं थट्टा करतात. मी तुमचं विचारलं तर म्हणाले, "काका होय? वर राहतात. घर त्यांचं होतं, मी घेतलं त्याला चार वर्षं झाली. माणूस सोन्यासारखा. पण कवळ्या बनवायचं काम मला वर न्यायचंय, जूनअखेर खोली लागेल. त्यांना तसं सांगितलंय."

वर गेले. तुम्ही नव्हतात, दाराला नुसती कडी होती. खाट, टेबल, टेबलावर माझी सगळी पत्रं तारखेनुसार लावलेली. भिंतीपलीकडे पंप धडधडत होता. खाटेखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, मी उलगडलं. तुमच्या नावाची दारावरची पितळी पाटी. तिचे चार स्क्रू एका पुडीत बांधलेले.

मग मी पाणी प्यायले आणि वाकून बघितलं. कोरडं होतं, मामा. घडी घातलेलं फडकं, आणि चुकून थेंब पडलाच तर म्हणून एक वाटी.

तेवढ्यात खालून जिन्यात तुमच्या चपला वाजल्या. तुमच्या तोंडावर मला एक शब्द बोलता आला नसता. मी दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात शिरले आणि दात दुखतो म्हणून खुर्चीत आ करून बसले. तुम्ही दारावरून वर गेलात. डॉक्टरांना खरंच एक किडलेला दात सापडला, तो भरून घ्यावा लागला.

आता कामाचं. मला जूनअखेरपर्यंत पक्का भाडेकरू हवाय. तुम्हाला जूनअखेरपर्यंत घर हवंय. तुम्ही सध्या चार जिने चढता, इथे तीनच आहेत. अर्जदाराचं घर न सांगता पाहिलेलं आहे. कधी येताय ते कळवा.

भिंगरी

२८ मे

चि. भिंगरी,

तू येऊन गेलीस हे मला त्याच दिवशी कळले होते. पेला उपडा ठेवला होतास. मी सुलटा ठेवतो.

घर विकले त्या वर्षी दोन्ही भाडेकरू एकाच महिन्यात गेले. मग पाइप फुटला, भिंती ओल्या झाल्या, घर बघायला येणारे नाक मुरडून परत जाऊ लागले. आठव्या महिन्यात हा डॉक्टर आला. काका काका करत होता. कोणी तरी बोलायला आले याचाच मला इतका आनंद झाला की भाव त्याने सांगितला तो मान्य केला. "तुम्ही आहात तोवर वरची खोली तुमचीच," असे तो म्हणाला. मी म्हणालो, लिहायची काय गरज आहे. एकोणीस नियमांची वही त्या वेळी माझ्या मांडीवर होती, भिंगरी. तो वाईट माणूस नाही. त्याला खोली लागते आहे, एवढेच.

तुझ्याशी खोटे बोललो त्याची फार शरम वाटते. तू घर घेतलेस, मला विचारू लागलीस, आणि महिन्यातून एकदा मी पुन्हा मालक होत होतो. तेवढा एक दिवस सोडवेना.

तुझ्याकडे येणार नाही. नियम पहिला तुला मीच लिहून दिला आहे. शहराबाहेर गोदामाच्या मागे एक खोली बघितली आहे. तिला सिंकच नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न येत नाही.

मामा

३ जून

ती. मामा,

नियम पहिल्याची तुम्ही दोन कारणं दिली होतीत. नातेवाइकाला काढता येत नाही: मला काढायचं नाही. त्याच्याकडे जेवायला जायची चोरी होते: तुम्हाला स्वयंपाक येत नाही. तेव्हा नियम इथे लागू होत नाही.

उपकार म्हणाल तर तोही नाही. भाडं एजंटानं ठरवलं तेच घेणार, पैसुद्धा सोडणार नाही. दादानं पक्का भाडेकरू सांगितला होता. नीळ, प्लंबर, करार सगळं माहीत असलेला आणि सिंकखाली वाटी ठेवणारा माणूस मला चार महिन्यांत दुसरा भेटलेला नाही. तुम्ही गोदामामागे गेलात तर माझं घर दादाच्या मित्राचं होईल आणि माझी खाट जन्मभर जिन्याखाली राहील. हे मी धाक म्हणून लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते.

करारनामा सोबत आहे. तुमच्याच अक्षरातला, सहा महिन्यांची नोटीस आणि यंत्रासकट. एका ओळीत मी भर घातली आहे: म्हातारपणी मालकीण स्वतः राहायला आली तरी भाडेकरूनं जाऊ नये, बाहेरच्या खोलीत दोन खाटा मावतात. मी मोजून बघितल्या.

तुमचा मी मान राखते, पण आता ही लाज पाच मिनिटांत उरका आणि सही करून पाठवा.

भिंगरी

६ जुलै, तिसरा मजला

सौजन्यमूर्ती घरमालकीणबाई यांस,

आपण दोन गल्ल्या पलीकडे राहता आणि रोज संध्याकाळी येऊन जाता, तरी घराचे बोलणे कागदावर असावे म्हणून हे पत्र. खालील तक्रारींची दखल घ्यावी.

एक, स्वयंपाकघरातल्या नळाची नवी चावी बसवली ती उलटी फिरते. दोन, बाथरूमच्या छतातून निळा रंग अजून डोकावतो, वरून पांढरा दिलेला असला तरी. वरच्या शिक्षिकाबाईंना दाखवला. ती आपली नीळ नाही असे त्या म्हणतात. त्या रोज सकाळी अर्धा तास हे सांगायला येतात आणि बसतात. ही तक्रार नाही, नोंद आहे. तीन, आल्या दिवशी मी सिंकखाली वाकून पाहिले. ओले होते. माझ्याच नियमाप्रमाणे मी हे घर घ्यायला नको होते. आता वायसर बदलला आहे, चार आण्याचे काम होते, आपल्याकडून घेणार नाही.

रविवारी आपले बंधू तीन मजले चढून आले. दम लागला होता. मामा किती दिवस मुक्काम, असे त्यांनी विचारले. मी करारातले मुदतीचे चौथे पान उघडून पुढे ठेवले. ते पूर्ण वाचून गेले. जाताना मित्राला आता कळवून टाकतो असे पुटपुटले.

वही आपल्या नावे करून टेबलावर ठेवली आहे. नियम पहिला खोडलेला नाही. त्याच्यापुढे कंसात तुझी दोन उत्तरे लिहिली आहेत.

एक विनंती राहिली. मी पाच पाने लिहिली, पण दारावरच्या पाटीबद्दल त्यांत एक शब्द नाही. माझ्याजवळ एक जुनी पाटी आहे, स्क्रूही आहेत. भिंत आपली आहे, म्हणून विचारतो: लावली तर चालेल का? उत्तर लेखी द्यावे.

आपला भाडेकरू,
मामा